फिटची गोळी : एकही खाडा न पडता कशी चालवायची

बाजाराच्या दिवशी साडेअकराच्या सुमाराला एक गृहस्थ दुकानात येतात. खिशातून गोळ्यांच्या पाकिटाचा कातरलेला तुकडा काढून काउंटरवर ठेवतात. त्यावर औषधाच्या नावाची शेवटची दोन अक्षरं आणि ‘५००’ एवढंच शिल्लक असतं. “यातल्या सहा द्या, बाकीच्या पुढच्या बाजाराला.” मुलगा नववीत आहे. सकाळी एक, रात्री एक, म्हणजे आठवड्याला चौदा गोळ्या लागतात. सहा नेल्या तर तीन दिवस जातील, पुढचे चार दिवस काय देणार? विचारलं तर म्हणतात, “आता तीन महिने झाले, एकदाही आली नाही ओ.”

तालुक्याच्या गावात मी बावीस वर्षं मेडिकल चालवतोय. फिट परत आली म्हणून घाबरून येणाऱ्या घरांना मी आधी एकच विचारतो : गेल्या आठवड्यात गोळी कधी चुकली? बहुतेक वेळा उत्तर मिळतं. लग्नाला गेलो होतो, पाकीट संपलं होतं, उपवास होता, उलट्या होत होत्या. कोणती गोळी आणि किती, हे डॉक्टर ठरवतात. चिठ्ठी हातात पडल्यानंतरचं सगळं घरात घडतं, आणि ते नीट कसं करायचं हे घरच्यांना कुणी बसून सांगत नाही. ते इथे क्रमाने सांगतो.

टप्पा १ : पहिल्या गोळीआधीची तयारी

फिट अनेक प्रकारच्या असतात आणि सगळ्या गोळ्या सगळ्या प्रकारांना चालत नाहीत. कार्बामाझेपिन आणि फेनिटोइन ही जुनी, चांगली औषधं आहेत. पण काही मुलांना काही सेकंद टक लावून हरवल्यासारखं होतं, काहींना सकाळी उठल्याउठल्या हात झटकन उडतात. त्या प्रकारांत हीच औषधं त्रास वाढवू शकतात. डॉक्टरांसमोर बहुतेकदा फिट येत नाही, त्यामुळे निदान तुमच्या सांगण्यावर उभं राहतं. “फिट आली” एवढ्यावर थांबू नका.

फिट चालू असताना एकाने पेशंटला सांभाळावं, दुसऱ्याने मोबाइलवर व्हिडिओ काढावा. चेहरा, डोळे आणि दोन्ही हात दिसतील असा. नंतर लिहून ठेवा : सुरुवात कुठल्या बाजूने झाली, मान कुठे वळली, किती मिनिटं चालली, शुद्धीवर यायला किती वेळ लागला, आदल्या रात्री झोप झाली होती का. शाळेत जाणाऱ्या मुलामुलींना मुद्दाम विचारा, “सकाळी हातातून कप, ब्रश, कंगवा उडतो का?” मुलं हे आपणहून सांगत नाहीत, कारण घरी त्यांना “धांदरट” म्हणून ओरडा बसलेला असतो. या एका उत्तरावरून गोळी बदलते.

सोबत न्यायची यादी : चालू असलेली सगळी औषधं (बीपी, साखर, टीबी, आणि वैद्याची पूड असेल तर तीसुद्धा), लहान मुलाचं आजचं वजन, आधी कुठल्या औषधाने अंगावर पुरळ आलं असेल तर त्याचं नाव. मुतखडा, काविळीचा इतिहास, मनाच्या आजाराचे उपचार हेही सांगा. मुतखडा होऊन गेलेल्याला टोपिरामेट सहसा टाळतात. लिव्हरचा आजार असलेल्याला व्हॅल्प्रोएट देताना डॉक्टर दहादा विचार करतात.

सावधान : ‘फिटची खात्रीची पूड’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पुड्यांत फेनोबार्बिटोन (फिटचंच एक जुनं औषध) मिसळलेलं सापडलेलं आहे. पूड घेणारा माणूस नकळत हेच औषध, कितीही प्रमाणात, घेत असतो. ती लपवून नवी गोळी सुरू केली तर गुंगी वाढते, आणि पूड एकदम सोडली तर जोरदार फिट येते. डॉक्टरांना पुडी दाखवा. ते रागावले तरी दाखवा.

टप्पा २ : मेडिकलच्या काउंटरवर

इथे घाई नको. पैसे देण्याआधी चार गोष्टी बोटाने दाखवून जुळवा : औषधाचं मूळ नाव, मिलिग्रॅम, नावापुढची अक्षरं आणि मुदत.

मिलिग्रॅमची चूक माझ्या हातूनही झाली आहे. लेव्हेटिरासेटम २५० द्यायची होती, गर्दीत ५०० गेली. मुलगी दोन दिवस झोपेतच होती. तिसऱ्या दिवशी तिच्या आईने दोन्ही पाकिटं शेजारी शेजारी ठेवून मला दाखवली. रंग एकच, अक्षर एकच, फक्त आकडा वेगळा. तेव्हापासून मी आकडा गिऱ्हाइकाकडून मोठ्याने वाचून घेतो. तुमचा दुकानदार वाचायला सांगत नसेल तर तुम्ही आपणहून वाचा.

नावापुढे ‘सीआर’, ‘ईआर’, ‘क्रोनो’ असं काही असेल तर ती हळूहळू विरघळणारी गोळी आहे. ती कुटून मधात किंवा दुधात द्यायची नाही, चावायचीही नाही. कुटली की बारा तासांचं औषध एकदम अंगात जातं आणि पुढच्या वेळेपर्यंत पुरत नाही. मूल गिळत नसेल तर सिरप मागा.

सिरपचं गणित वेगळं आहे. चिठ्ठीवर ‘५ मिली’ आहे की ‘५ मिग्रॅ’, नीट पाहा. एकाच औषधाची सिरपं कमी-जास्त ताकदीची मिळतात. बाटली बदलली की मिलीही बदलतात. घरातला चमचा वापरू नका. सुई नसलेली, मिलीच्या खुणा असलेली सिरिंज दहा-वीस रुपयांत मिळते, तिने मोजा. फेनिटोइनचं सिरप तर दर वेळी चांगलं हलवूनच घ्यावं लागतं. औषध तळाशी बसतं. न हलवता दिलं तर बाटली नवी असताना मुलाला जवळजवळ पाणीच मिळतं, फिट येते. आणि बाटली संपत आली की घट्ट औषध जाऊन ते झिंगल्यासारखं चालायला लागतं. दोन्ही वेळा घरचे म्हणतात, औषध लागू पडत नाही.

कंपनी बदलावी का? स्वस्त जेनेरिक गोळी घ्यायला हरकत नाही, पण एक निवडा आणि तीच चालू ठेवा. या महिन्यात एक, पुढच्या महिन्यात जे मिळेल ते, असं करू नका. विशेषतः फेनिटोइन आणि कार्बामाझेपिनमध्ये. बदलायचीच असेल तर डॉक्टरांना सांगून बदला आणि तारीख लिहून ठेवा.

तपासा : पाकिटाचा मुदत छापलेला भाग शिल्लक ठेवून दुसऱ्या बाजूने गोळ्या वापरताय ना? शेवटची गोळी संपेपर्यंत नाव आणि मुदत दिसली पाहिजे.

टप्पा ३ : घरात वेळ बसवणं

‘दिवसातून दोनदा’ म्हणजे साधारण बारा तासांच्या अंतराने. सकाळी आठला दिलं तर रात्री आठला. सकाळी अकराला आणि रात्री सातला दिलं तर दोनदा होतं खरं, पण रात्री सातपासून दुसऱ्या दिवशी अकरापर्यंत सोळा तास अंग उघडं राहतं, आणि त्यातच पहाट येते.

घरात रोज न चुकता होणाऱ्या गोष्टीला गोळी बांधा. दिवाबत्ती, दूध तापवणं, रात्रीचं जेवण. मोबाइलचा गजर लावाच, पण गजर बंद करून ‘हे काम झालं की देते’ म्हटलं की विसरलंच. एक कॅलेंडर भिंतीवर गोळ्यांजवळ लावा आणि गोळी पोटात गेल्यावर फुली मारा, आधी नाही. माझ्याकडे येणाऱ्या एक आजी वाचू शकत नाहीत. त्या रोज सकाळी डबीत दोन शेंगदाणे टाकतात आणि गोळी दिली की एक काढतात. रात्री डबी रिकामी दिसली की निजतात. नातवाच्या गोळीला दीड वर्षात खाडा नाही.

आठवड्याच्या कप्प्यांची डबी चांगली, पण सगळ्या गोळ्यांसाठी नाही. व्हॅल्प्रोएट हवेतली ओल ओढून घेतं; पाकिटातून काढलेली गोळी पावसाळ्यात चिकट होते. कार्बामाझेपिन दमट जागी ठेवलं तर त्याची ताकद एक तृतीयांशापर्यंत कमी होऊ शकते. म्हणून पाकिटाचे तुकडे करून ते तुकडेच कप्प्यांत ठेवा. न्हाणीघरातली फळी, ओट्यावरची मांडणी, खिडकी या जागा नकोत. कोकणात, घाटमाथ्यावर तर जून ते सप्टेंबर झाकणाचा घट्ट डबा हवाच.

शिल्लक किती ठेवायची? दहा दिवसांच्या गोळ्या उरल्या की नवीन आणायच्या. सरकारी दवाखान्यातून मोफत घेत असाल तर आणखी आधी जा, कारण साठा संपलेला असू शकतो. पैशाची अडचण असेल तर कमी गोळ्या नेण्याऐवजी डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. स्वस्तात बसणारी औषधं आहेत.

टप्पा ४ : पहिले दोन महिने डोळ्यात तेल घालून

सुरुवातीला थोडी झोप, जडपणा, चक्कर बहुतेकांना येते आणि दोन-तीन आठवड्यांत कमी होते. एवढ्यावरून गोळी सोडू नका. पण प्रत्येक औषधाची एक खोड असते, ती घरच्यांना माहीत हवी.

लॅमोट्रिजिन फार हळू वाढवतात. मोठ्या माणसालाही सहसा २५ मिग्रॅपासून, आणि व्हॅल्प्रोएट सोबत असेल तर त्याहून हळू. “लवकर बरं व्हावं” म्हणून स्वतः वाढवलं तर अंगावर पुरळ उठण्याचा धोका वाढतो. कार्बामाझेपिन शरीराला स्वतःचाच निचरा लवकर करायला शिकवतं, त्यामुळे तीन ते पाच आठवड्यांनी डोस वाढवावा लागतो. हे अपेक्षितच असतं, आजार बळावला असं समजू नका. ते सुरू करण्याआधी डॉक्टर एचएलए-बी १५०२ नावाची रक्ततपासणी सांगू शकतात; ती पुरळाचा गंभीर धोका ओळखण्यासाठी असते, खर्च वाटला तरी टाळू नका.

फेनिटोइनबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण तिथे भल्याभल्यांची फसगत होते. हे औषध एका मर्यादेपर्यंत शरीर नीट निचरून टाकतं, मग निचऱ्याची क्षमता संपते. त्यानंतर ३०० मिग्रॅचे ४०० केले तर रक्तातलं प्रमाण तेवढ्याच हिशोबाने वाढत नाही, दुपटीवरही जाऊ शकतं. चालताना झोक जाणं, बोलणं अडखळणं, डोळे हलत राहणं, एकाचे दोन दिसणं ही त्याची लक्षणं. एका घरात हे दारू प्यायल्यासारखं दिसलं म्हणून त्या माणसाला मारलं होतं. असं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. महिनोन्‌महिने चालू असेल तर हिरड्या फुगतात. मऊ ब्रशने दोन वेळा दात घासणं हा औषधोपचाराचाच भाग समजा.

लेव्हेटिरासेटम दुसऱ्या औषधांशी फारसं भांडत नाही, पण काहींचा स्वभाव बदलतो. चिडचिड, रडारड, आदळआपट. “वयात आलाय म्हणून” असं सोडून देऊ नका. जीव नकोसा झाल्याची भाषा निघाली तर ती कुठल्याही गोळीवर असो, त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा आणि माणसाला एकटं सोडू नका. व्हॅल्प्रोएटमध्ये वजन वाढणं, केस गळणं, हात थरथरणं होतं. सतत उलट्या, पोटात जोराची कळ, डोळे पिवळे किंवा विचित्र गुंगी आली तर थेट दवाखान्यात. टोपिरामेटवर भरपूर पाणी प्या. घाम कमी येतो, म्हणून एप्रिल-मेच्या उन्हात मुलांना जपा.

सावधान : पहिल्या दोन महिन्यांत अंगावर पुरळ आलं, सोबत ताप असेल, तोंडात किंवा डोळ्यांत फोड आले, कातडी सोलली, तर त्याच दिवशी, रात्र झाली असली तरी, मोठ्या दवाखान्यात जा. गोळीचं पाकीट बरोबर घ्या. कांजिण्या किंवा देवी समजून कडुनिंबाचा पाला बांधून घरी बसू नका.

तपासा : रक्तातलं औषधाचं प्रमाण पाहायला सांगितलं असेल तर बहुतेकदा सकाळची गोळी घेण्याआधी रक्त द्यायचं असतं. लॅबला शेवटच्या गोळीची वेळ सांगा, आणि रक्त देऊन झालं की तिथेच गोळी घ्या. ती बरोबर न्यायला विसरतात आणि दुपार होते.

टप्पा ५ : गोळी चुकलीच तर

दिवसातून दोन वेळा असेल आणि काही तासांत लक्षात आलं तर लगेच द्या, पुढची नेहमीच्या वेळी. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडा. दोन गोळ्या एकदम देऊ नका. तुमच्या औषधासाठी नेमकी मर्यादा किती तासांची, हे पहिल्याच भेटीत विचारून चिठ्ठीच्या मागे लिहून घ्या.

गोळीनंतर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली आणि गोळी बाहेर दिसली तर सहसा तोच डोस पुन्हा देतात. त्यानंतर झाली तर डॉक्टरांना फोन. जुलाब-उलट्या दिवसभर चालू असतील तर वाट पाहू नका, औषध सलाइनमधून द्यावं लागू शकतं.

लॅमोट्रिजिन सलग पाच दिवस किंवा जास्त बंद पडलं असेल तर पूर्वीचा पूर्ण डोस घेऊन सुरू करायचं नाही. पुन्हा खालून चढावं लागतं. आधी फोन, मग गोळी.

टप्पा ६ : दुसरी औषधं, उपवास, जागरण

सर्दी-पडशाला मेडिकलमधून ‘काहीतरी द्या’ म्हणताना आधी फिटची गोळी चालू आहे हे सांगा. क्लॅरिथ्रोमायसिन किंवा एरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकांनी कार्बामाझेपिनचं प्रमाण वाढून चक्कर, दुहेरी दिसणं सुरू होतं. सिप्रोफ्लॉक्सासिन आणि दुखण्यासाठीची ट्रॅमाडोल फिटला वाट करून देतात. टीबीच्या उपचारात आयसोनियाझिड फेनिटोइन वाढवतं आणि रिफॅम्पिसिन कमी करतं, म्हणून दोन्ही आजारांच्या डॉक्टरांना एकमेकांच्या चिठ्ठ्या दाखवा. व्हॅल्प्रोएट घेणाऱ्याला दवाखान्यात मेरोपेनेम या अँटिबायोटिकची इंजेक्शनं लागली तर व्हॅल्प्रोएट एकदम खाली जातं. भरती करतानाच सांगा.

कापूर आणि निलगिरीचं तेल याकडे कुणाचं लक्ष जात नाही. कापूर पोटात गेला तर फिट येऊ शकते, हे पक्कं माहीत असलेलं आहे. सर्दीला बाळाच्या गळ्यात कापराची पुरचुंडी, छातीला कापराचं तेल, वाफेच्या पाण्यात निलगिरी, हे फिट असलेल्या घरात बंद करा.

गोळीने उपवास मोडत नाही. गोळी आणि पाणी घ्या. संकष्टी, एकादशी, रोजा यात वेळेची अडचण असेल तर आधीच डॉक्टरांकडून वेळा बदलून घ्या. निर्जळी नको. नवरात्रातलं जागरण, गोंधळ, विसर्जनाची रात्र यांत गोळी चुकते आणि झोपही जाते, आणि झोप जाणं हे फिटचं ठरलेलं निमित्त आहे. आरती करा, दर्शन घ्या, अकराला घरी येऊन झोपा. प्रवासात गोळ्या डिकीतल्या बॅगेत न ठेवता हातातल्या पिशवीत ठेवा, चार दिवस जास्तीच्या, आणि चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये.

टप्पा ७ : मुली आणि बायका

लग्न ठरलं की गोळ्या माहेरीच राहतात. मुलगी सासरी तांदळाच्या डब्यात पाकीट लपवते, कुणी बघत असलं की घेत नाही, आणि पंधरा दिवसांत सगळ्यांसमोर फिट येते. मी हे इतक्या घरांत पाहिलं आहे की आता मुलीच्या वडिलांना थांबवून सांगतो : सांगून लग्न करा. हिंदू विवाह कायद्यात हा आजार लग्नाच्या आड येत होता, ती तरतूद १९९९ च्या दुरुस्तीने काढून टाकली आहे.

वयात आलेल्या मुलीच्या चिठ्ठीवर व्हॅल्प्रोएट दिसलं तर डॉक्टरांना “दुसरा पर्याय आहे का?” हे नक्की विचारा. गरोदरपणात ते चालू राहिलं तर शंभरातल्या सुमारे दहा बाळांत जन्मजात व्यंग आढळतं, आणि तीस ते चाळीस मुलांच्या वाढीत, शिकण्यात अडचणी येतात. हे बदलण्याची वेळ दिवस जाण्याच्या आधीची, म्हणून लग्नाची बोलणी चालू असतानाच भेट घ्या. फोलिक ॲसिडही तेव्हापासून.

सावधान : दिवस राहिल्याचं कळल्यावर घाबरून गोळी बंद करू नका. कुठलीही. मोठी फिट आई आणि बाळ दोघांच्या जिवावर येते. त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा.

कार्बामाझेपिन, फेनिटोइन, फेनोबार्बिटोन चालू असताना गर्भनिरोधक गोळ्या निकामी ठरू शकतात, तातडीची ‘नंतरची गोळी’ही. तांबी चालते. आणि गर्भनिरोधक गोळीने लॅमोट्रिजिन कमी होतं, म्हणून ती सुरू करण्याआधी विचारा.

टप्पा ८ : गोळी चालू असूनही फिट आली तर

घड्याळ पाहा. हे पहिलं काम. कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, मान मोकळी करा. चप्पल, कांदा, किल्ली, पाणी, चमचा काही नको. हात-पाय दाबून धरू नका. तोंडात गोळी कोंबू नका.

पाच मिनिटं झाली आणि थांबली नाही, किंवा शुद्ध न येता दुसरी सुरू झाली, तर १०८ ला फोन करा आणि डॉक्टरांनी दिलेला मिडाझोलामचा (चालू फिट थांबवणाऱ्या औषधाचा) नाकातला फवारा वापरा. डोस वजनावर असतो, साधारण किलोला ०.२ मिग्रॅ. वीस किलोच्या मुलाला ४ मिग्रॅ. काही बाटल्यांत एका फवाऱ्याला ०.५ मिग्रॅ असतं, म्हणजे आठ फवारे, दोन नाकपुड्यांत वाटून. काही बाटल्यांत जास्त असतं, मग फवारे कमी. म्हणून डॉक्टरांकडून फवाऱ्यांचा आकडा बाटलीवरच मार्करने लिहून घ्या, आणि बाटली किंवा वजन बदललं की नव्याने. मी पाहिलेली चूक अशी : दोन फवारे मारून घाबरून थांबणं, आणि बाटली नवी असल्यामुळे पहिले दोन रिकामेच गेलेले असणं. वापरण्याआधी पत्रकावर लिहिल्याप्रमाणे हवेत फवारून बघा. श्वासाकडे लक्ष ठेवा.

फिट थांबल्यावर तपासा : गोळी चुकली होती का, झोप झाली होती का, ताप होता का, नवं औषध होतं का. चारही उत्तरं ‘नाही’ असतील तर डोस पुरत नसावा, डॉक्टरांना भेटा. सुमारे दोन तृतीयांश लोकांच्या फिट औषधांनी आटोक्यात येतात. योग्य निवडलेली दोन औषधं पुऱ्या डोसात देऊनही थांबत नसतील तर तिसरी-चौथी गोळी जोडत वर्षं घालवू नका. एपिलेप्सीसाठी, म्हणजे फिटच्या आजारासाठी, वेगळा विभाग असलेल्या मोठ्या केंद्रात शस्त्रक्रियेसाठी तपासणी मागा.

टप्पा ९ : बंद करताना

हा टप्पा घरात ठरवायचा नाही. किमान दोन वर्षं एकही फिट नसेल तर डॉक्टर विचार करतात, आणि तेव्हाही फिटचा प्रकार, एमआरआय, ईईजी (मेंदूच्या लहरींची तपासणी) पाहून. सकाळी हात उडण्याच्या प्रकारात गोळी बहुतेकदा बरीच वर्षं, कधी जन्मभर लागते. बंद करायचं ठरलं तर डोस काही महिन्यांत थोडा थोडा उतरवतात, एका वेळी एकच औषध. फेनोबार्बिटोन आणि क्लोबाझाम तर फारच सावकाश. एकदम सोडल्यावर न थांबणारी फिट येऊ शकते.

उतरवण्यासाठी असा काळ निवडा : परीक्षा नाही, लग्न नाही, नवीन नोकरी नाही. प्रत्येक कपातीची तारीख त्याच भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. या काळात गाडी चालवणं, विहिरीवर एकट्याने जाणं, नदीत उतरणं बंद. फिट परत यायची असेल तर बहुतेक वेळा पहिल्या एक-दोन वर्षांतच येते. तोवर नाकातला फवारा मुदतीतला ठेवा, आणि शेवटची चिठ्ठी जपून ठेवा, म्हणजे परत लागलीच तर कुठल्या डोसाने थांबली होती हे कुणाला आठवत बसावं लागणार नाही.